चार्ट ओके, बाटलीला दवाखान्याचा वास

मे महिन्यात सोलापूरच्या वितरकाकडून आंब्याच्या पेयाच्या सहा बाटल्या परत आल्या. चिठ्ठीत एकच ओळ : ‘दवाखान्याचा वास येतो.’ बाटली फुगलेली नाही, सील शाबूत, बुरशीचा ठिपका नाही. झाकण उघडलं आणि आमच्या लॅबमधल्या मावशींनी नाकाला पदर लावला. “मॅडम, हे तर फिनेल!”

प्रॉडक्शनवाल्यांना तेवढंच पुरलं. दुकानदाराने फिनेलशेजारी खोकी ठेवली असतील, विषय संपला.

मी नेहमीच्या प्लेट टाकल्या, म्हणजे थाळीत जंतू वाढतात का ते पाहिलं. एकूण जिवाणू, यीस्ट, बुरशी, सगळं कोरं. पाश्चरायझरचा चार्ट ९५ अंशांवर सरळ रेघ. त्याच बॅचची आमच्या कपाटातली सॅम्पल उघडली, तर छान आंब्याचा वास. तरी तो वास माझ्या डोक्यातून जाईना. एमएस्सीला वाचलं होतं, १९८२ साली जर्मनीत सफरचंदाचा रस असाच बिघडला होता. अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस. मातीतला जिवाणू, आंबट आणि गरम दोन्ही आवडणारा. पाश्चरायझेशनमध्ये याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जिवाणू, मरत नाहीत, उलट उष्णतेने जागे होतात. माणसाला अपाय करत नाही, पण ग्वायकॉल नावाचं द्रव्य सोडतो. अब्जात दोन-चार भाग असलं तरी नाक ओळखतं.

साध्या मीडियावर, म्हणजे प्लेटमधल्या जिवाणूंच्या खाद्यावर, तो येणारच नव्हता. आम्लधर्मी मीडिया करून घेतला, सॅम्पल ८० अंशांना १० मिनिटं ठेवलं आणि प्लेट ४५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये टाकल्या. चौथ्या दिवशी मलईच्या रंगाच्या वसाहती दाटीवाटीने उगवल्या होत्या. ग्वायकॉलच्या चाचणीत नळी तपकिरी झाली. एवढा आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता, खोटं कशाला सांगू!

पण मग कपाटातल्या बाटल्या चांगल्या कशा? पल्पच्या ड्रममध्ये बीजाणू सापडले, थोडेसे. फळ मातीतून येतं, थोडे असायचेच. तेच थोडे त्या बाटल्यांतही असणार होते.

उत्तर गोडाउनमध्ये मिळालं. आम्ही ८५ अंशांच्या वर गरम भरतो, मग बाटल्या कूलिंग टनेलमधून जातात, तिथे नोझलच्या पाण्याने गार होतात. त्या हंगामात टनेलचे निम्मे नोझल क्षाराने बुजले होते. कोमट बाटल्या खोक्यात, खोकी पॅलेटवर, वर स्ट्रेच फिल्म, डोक्यावर पत्रा. रचून तीन दिवस झालेली पॅलेट फोडून मधल्या खोक्यात थर्मामीटर घातला : ४३ अंश. माझ्या इन्क्युबेटरपेक्षा दोनच अंश कमी! आमची सॅम्पल मात्र सुटी, एसीत, आरामात. आम्ही इतकी वर्षं तपासत होतो तो माल बाजारात जातच नव्हता.

गोडाउनमधला माल थांबवला, वास येणारा फेकला. ती बैठक कशी झाली ते सोडून देते. नोझल दर आठवड्याला उघडून ॲसिडने साफ होतात, आणि बाटली ३८ अंशांच्या खाली आल्याशिवाय खोक्यात जात नाही. टनेलवरचे काका थर्मामीटर असूनही ती आधी गालाला लावून बघतात.

कपाटातल्या निम्म्या बाटल्या आता ४५ अंशांत ठेवतो. सातव्या दिवशी झाकण उघडतं, आणि पहिला वास मावशी घेतात.