पंचमीची सुकती

आज सकाळी आत्याबरोबर रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या खायच्या शिंपल्या, काढायला गेले. निघताना मी मोबाइलवर भरती-ओहोटीची वेळ शोधत होते, तेवढ्यात आत्या म्हणाली, "अगो, आज पंचमी. तिथीचे पाऊणपट ती भरतीची वेळ. पाचाचे पाऊणपट, पावणेचार. पावणेचारला पुरी भरती, म्हणजे दहाला सुकती, पुरी ओहोटी. फोन ठेव घरी." ठेवला. फडताळात, पोह्याच्या डब्यामागे.

काजळी नदी इथे समुद्राला मिळते. पाणी उतरलं की ओल्या वाळूत एकमेकांशेजारी दोन बारीक भोकं दिसतात. तिथे बोटं खुपसायची, गार वाळूत कडक काहीतरी लागतं. उचलली की शिंपली घट्ट मिटलेली असते. बारीक असेल तर आत्या परत वाळूत ठेवते, हलकेच, लेकराला निजवावं तशी.

पहिला अर्धा तास माझा हात सारखा खिशाकडे जात होता. मग कधी थांबला, कळलं नाही. आम्ही दोघी दोन तास जेमतेम दहा वाक्यं बोललो असू, पण आत्याशी इतकी जवळीक मला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. तिच्या वाढदिवसाला मी दरवर्षी ग्रुपवर केकचं चित्र टाकते. त्याची आज खरंच लाज वाटली.

घरी आल्यावर फोन पाहिला. बरेच मेसेज होते, तातडीचा एकही नव्हता.

दुपारी वाटप घालून तिसऱ्यांचं कालवण झालं. फोटो काढला नाही.

उद्या षष्ठी, सुकती पावणेअकराला. कोणी मेसेज केलात तर उत्तर दुपारी जेवण झाल्यावर देईन.