तळ्यात ट्राउट सोडण्याआधी एक उन्हाळा मोजावा

खासगी तळ्यात ट्राउट सोडण्याचा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न बहुधा संख्येचा असतो: किती मासे सोडायचे? माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा. वर्षातल्या सर्वांत गरम आठवड्यात, उजाडण्याच्या सुमारास, ट्राउट जगू शकेल असे पाणी त्या तळ्यात किती उरते, हे आधी समजले पाहिजे. बाकीचे सगळे हिशेब या उत्तरावर उभे राहतात आणि ते उत्तर मिळवायला एक पूर्ण उन्हाळा द्यावा लागतो. मत्स्यबीजाची मागणी नोंदवण्याआधी तेवढा धीर धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

रेनबो ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २० अंशांच्या वर त्याचे खाणे मंदावते आणि २५ अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. ब्रुक ट्राउटला याहूनही थंड पाणी लागते. मात्र उष्णता एकटी येत नाही. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांच्या पाण्यात तो जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो, आणि पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. विरघळलेला प्राणवायू ६ मिलिग्रॅमच्या वर असावा. ५ च्या खाली गेला की ट्राउट ताणाखाली येतो, वाढ खुंटते आणि रोगांना वाट मिळते.

तळे पुरेसे खोल असेल, तर उन्हाळ्यात त्याचे थर पडतात. वरचे तापलेले पाणी हलके असल्यामुळे वरच राहते, खालचे थंड व जड पाणी तळाशी बसते आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. खोल तळे म्हणजे ट्राउटसाठी सुरक्षित तळे, असा समज यावरूनच झाला असावा. पण तो अर्धाच खरा आहे. तळाशी साठलेली पाने, मेलेले शेवाळ आणि गाळ कुजताना तिथला प्राणवायू संपवतात आणि वरून नवा येत नाही. परिणामी वर उष्णता, खाली गुदमर आणि मधल्या एका पट्ट्यात तेवढा ट्राउटचा निवारा, अशी स्थिती होते. हा पट्टा काही तळ्यांत चांगला जाड असतो आणि काहींत ऐन उन्हाळ्यात पार नाहीसा होतो. काठावर उभे राहून पाण्याकडे कितीही वेळ पाहिले, तरी त्याचा पत्ता लागत नाही.

तो मोजण्याची साधी रीत आहे. जाड काचेच्या बाटलीला वजन बांधावे, तोंडाला सैल बूच लावावे, बाटलीला एक दोरी आणि बुचाला दुसरी. ठरलेल्या खोलीवर बाटली पोहोचली की बुचाच्या दोरीला झटका द्यायचा. बुडबुडे वर येऊ लागतात, ते थांबले की बाटली भरली असे समजून ती भराभर वर ओढायची आणि लगेच तापमापी आत घालायची. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर हे केले की तापमान कुठे एकदम उतरते ते कागदावर स्पष्ट दिसते. तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास आला, तर तिथे प्राणवायू उरलेला नाही, हे सांगायला आणखी उपकरण लागत नाही. मात्र मधल्या थरासाठी प्राणवायूमापक मिळवावाच. या कामात मला सर्वांत मोलाचा वाटणारा खर्च तोच आहे.

मोजणी पहाटे करावी. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू सोडतात, पण रात्री त्या स्वतःच तो वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास पातळी सर्वांत खाली असते. दुपारी उत्तम आकडा दाखवणारे हिरवेगार तळे पहाटे धोकादायक ठरू शकते. शेवाळ एकदम मरून कुजू लागले, तर संकट आणखी गहिरे होते. त्यावर तांबेयुक्त औषध टाकण्याचा मोह टाळावा, कारण तांबे ट्राउटला फार विषारी असते, विशेषतः मृदू पाण्यात.

एरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारे यंत्र, बसवला की प्रश्न मिटला, असेही नाही. तळाशी हवा सोडणारा एरेटर थर मोडून सगळे पाणी ढवळतो, आणि उन्हाळ्यात त्यामुळे जपून ठेवायचे थंड पाणीच गरम होऊन बसते. थंड झऱ्याची आवक असेल, तर ती याहून मोठी मदत आहे. फक्त जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून ते दगडांवरून उसळत, फुटत तळ्यात पडेल अशी योजना करावी.

एवढे कळले की संख्येकडे वळता येते. समजा, तळ्याचे क्षेत्र १,००० चौरस मीटर आणि सरासरी खोली ३ मीटर आहे, म्हणजे पाणी ३,००० घनमीटर. पण ऐन उन्हाळ्यात राहण्याजोगा थर १ मीटरचाच असेल, तर ट्राउटचे घर १,००० घनमीटरांचे, आणि काठ उतरते असल्याने त्याहूनही लहान. किती मासे सोडायचे ते या आकड्यावर ठरवावे. खाद्य न घालता नैसर्गिक किड्यांवर मासे पोसायचे असतील, तर संख्या आणखी कमी ठेवावी. तरंगते खाद्य घालायचे असेल, तर मासे काही मिनिटांत संपवतील तेवढेच घालावे आणि पाणी २० अंशांपर्यंत गेले की थांबवावे, कारण अन्न पचवतानाही माशाला जास्त प्राणवायू लागतो.

आधीपासून शिकारी मासे असलेल्या तळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडणे म्हणजे त्यांना चारा घालणे. तिथे १५ ते २० सेंटिमीटरचे मासे घ्यावेत. ट्राउट वाहत्या पाण्यातल्या खडीत अंडी घालतो, त्यामुळे साठलेल्या पाण्यात त्याची पैदास सहसा होत नाही. मला ही सोयच वाटते, कारण संख्या आपल्या हातात राहते.

मासे रोगमुक्ततेचा दाखला असलेल्या केंद्रातूनच घ्यावेत आणि संबंधित खात्याची परवानगी आधी मिळवावी. रेनबो आणि ब्राउन ट्राउट जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहेत; सांडव्यावर भक्कम जाळी नसेल आणि मासे ओढ्यात उतरले, तर तिथल्या स्थानिक माशांचे नुकसान कुणालाच भरून काढता येणार नाही. ही जबाबदारी तळे खासगी असल्याने कमी होत नाही.

सोडताना पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे तिच्यात मिसळावे आणि दोन्हींचे तापमान जुळल्यावर ती आडवी करावी. मासे लगेच पळत नाहीत. काही क्षण पिशवीच्या तोंडाशी कल्ले हलवत थांबतात आणि मग खोल पाण्याकडे वळतात. त्यांना हाताने ढकलू नये.

मोजणीत थंड थर पातळ निघाला, तरी बेत सोडून देण्याची गरज नाही. अशा तळ्यात पाणी निवल्यावर, शरद ऋतूत, मोठे मासे सोडावेत आणि पुढच्या वर्षी पाणी २० अंशांकडे सरकण्याआधी ते खाण्यासाठी काढून घ्यावेत. गळाला लागलेला मासा परत सोडण्याची सवय असलेल्यांनीही ती गरम पाण्यात बाजूला ठेवावी. झुंजीने थकलेला ट्राउट तेव्हा पोहत दूर गेलेला दिसला, तरी अनेकदा नंतर मरतो.