इन्फिनिटी, नोंद ६: दोन इंचांनी केलेला घात

इन्फिनिटी म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या सैनिकांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ. या पंधरवड्यात त्या पुतळ्यांचं रंगकाम फारसं सरकलं नाही. दोन मिनिएचरचे बेस आणि एकाची रायफल, बस. मॉडिफायरचं, म्हणजे नेमाच्या आकड्यातल्या वाढ-घटीचं गणित मात्र एकदाचं डोक्यात बसलं, तेही मार खाऊन.

खेळतोय ती २०२०ची चौथी आवृत्ती. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: फासा वीस बाजूंचा, आणि आपल्या आकड्याइतकं किंवा त्याहून कमी पडलं की नेम लागला. मॉडिफायर त्या आकड्यात मिळवायचे किंवा वजा करायचे, बहुतेक तीनच्या पटीत. सगळे मिळून १२ची मर्यादा.

माझ्या सैनिकाची नेमबाजी १३, हातात कॉम्बी रायफल. समोर आडोशाला टेकलेला स्नायपर, त्यात मिमेटिझम (आजूबाजूत मिसळून नीट दिसू न देण्याचं कौशल्य) उणे ६. कॉम्बीला १६ इंचांपर्यंत अधिक ३, त्यापुढे उणे ३. या खेळात आधी मोजू देत नाहीत, सगळा अंदाजपंचे कारभार. मी म्हटलं, १६च्या आत आहे. गोळीबार जाहीर केला, टेप लावली, १८! म्हणजे १३ मधून रेंजचे ३, आडोशाचे ३, मिमेटिझमचे ६ गेले. उरला १. फासे पडले ३, ६, १४. त्याची नेमबाजी १२. त्याला रेंजचे ३ मिळाले आणि माझ्या आडोशाने ३ गेले, म्हणजे पुन्हा १२च. त्याने १० टाकले आणि माझा गडी आडवा.

दोन इंच पुढे असतो तर माझा आकडा ७ झाला असता, आणि स्नायपर रायफलला तिथे रेंजचा फायदा नसल्याने त्याचा उतरून ९. दोन इंचांत नऊचा फरक!

पुढच्या डावात तशीच गाठ पडली. या वेळी शहाणपणाने बरंच आत घुसलो, १४ इंच भरले. माझे ५, ७, १६, त्याचे ८. फेस टू फेसमध्ये, म्हणजे दोघे एकमेकांवर एकाच वेळी गोळी झाडतात तेव्हा, दोघांचाही नेम लागला तर मोठा फासा जिंकतो, त्यामुळे माझे ५ तिथेच मेले. उणे ६ दोनदा चावतो तो असा: नेम कमी वेळा लागतो, आणि लागला तरी लहान आकड्यावर. पण ७ म्हणजे बरोबर माझा आकडा, क्रिटिकल! तो साध्या ८ला खातो. आकडा ७ असो की १७, क्रिटिकलची शक्यता विसात एकच. मॉडिफायर तिला हात लावत नाहीत. (पहिल्या डावात १ पडला असता तर तोही क्रिटिकलच होता. असो.)

आता घोकतोय ते रेंजचे पट्टे. स्नायपर पुन्हा समोर आला तर त्याच्या आडोशालाच वळसा घालून पाहणार आहे: तेवढ्यात ७चे १० होतात.