चोवीस सेकंदांची लढाई, पन्नास मिनिटांचं संगीत

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकत्र गोष्ट रचायचा खेळ. त्याच्या नियमांत लढाईचा एक राउंड, म्हणजे प्रत्येकाची एकेक टर्न, गोष्टीतले ६ सेकंद. टेबलावरचा हिशोब वेगळाच असतो. पाच प्लेअर, प्रत्येकाच्या टर्नला साधारण २ मिनिटं, राक्षसांच्या चाली आणि नियम बघण्यात डीएमची (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) आणखी ३ मिनिटं, म्हणजे राउंड झाला १३ मिनिटांचा. चार राउंडांची लढाई गोष्टीत २४ सेकंदांत आटोपते आणि टेबलावर ५२ मिनिटं खाते.

खेळताना लावायच्या पार्श्वसंगीताची निवड बहुतेक वेळा इथेच चुकते. डीएम त्या २४ सेकंदांना शोभेल असं काहीतरी शोधतो: नगारे, तुताऱ्या, टिपेचा कोरस. मग तेच ५२ मिनिटं वाजत राहतं. तीन मिनिटांचा ट्रॅक तेवढ्या वेळात सतरा वेळा फिरतो. चौथ्या फेरीपासून कान किटतात, आणि समोरचा प्लेअर आपल्या स्पेलचा (मंत्राचा) पल्ला मोजत असताना मागे मात्र जगबुडी चाललेली असते. लढाईला निवडायचं ते ५२ मिनिटं सोसवेल असं संगीत. ठेका एकसारखा, साधारण ९० ते ११० बीपीएम (मिनिटाला ठोके), खालच्या पट्टीतली तंतुवाद्यं आणि अचानक उसळणारा एकही कळस नाही. नुसतं ऐकलं तर ते थोडं कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या, फाशांच्या आवाजाबरोबर तेच बरोबर बसतं.

म्हणूनच चित्रपटाच्या संगीतापेक्षा व्हिडिओ गेमचं संगीत इथे जास्त कामाला येतं. चित्रपटाचा संगीतकार पडद्यावरच्या प्रसंगाला धरून लिहितो. चाळीसाव्या सेकंदाला दार उघडतं, तिथे संगीत उसळतं. तुमच्या टेबलावर चाळीसाव्या सेकंदाला कुणीतरी चिवड्याचा डबा मागत असतो. गेमच्या संगीतकाराला मात्र प्लेअर त्या गुहेत २ मिनिटं थांबणार की २ तास, हे ठाऊक नसतं. त्यामुळे ते संगीत पुन्हा पुन्हा फिरण्यासाठीच बांधलेलं असतं. फक्त एक बघा: अल्बममधल्या ट्रॅकच्या शेवटी आवाज हळूहळू विरतो आणि मधे पोकळी पडते. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेड (एक ट्रॅक विरत असतानाच पुढचा सुरू होणं) १२ सेकंदांपर्यंत वाढवता येतो. ६ ते ८ ठेवलात तर सांधा कळत नाही. निव्वळ वातावरण हवं असेल, पाऊस, बंदर, बाजारपेठ, तर टेबलटॉप ऑडिओ या साइटवर दहा-दहा मिनिटांचे ट्रॅक फुकट मिळतात. कुठलंही साधन वापरा, पण जाहिराती येणार नाहीत याची खात्री आधी करून घ्या. ड्रॅगन बोलायला लागला आणि मधेच साबणाची जाहिरात आली, की तो प्रसंग पुन्हा उभा राहत नाही.

सगळ्यांना पाठ असलेली थीम टाळा. ओळखीची सुरावट वाजली की टेबलावर तुमचा खलनायक उरत नाही, दुसऱ्याच कुणाचा तरी येऊन बसतो. कळणाऱ्या भाषेतले शब्दही नकोत. मराठी किंवा हिंदी ओळ कानावर पडली की लक्ष आपोआप तिकडे जातं आणि डीएमचं निम्मं वाक्य वाया जातं. लॅटिन कोरस चालतो, कारण त्यातलं कुणालाच काही कळत नाही. एकट्या गळ्याची आलापी मात्र शब्द नसूनही लक्ष ओढते, ती मोजक्या प्रसंगांसाठी राखून ठेवा.

आता आवाज किती असावा? एक मीटरवरून केलेलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं. संगीत त्याच्या १५ ते २० डेसिबल खाली हवं. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप टेबलाच्या मधोमध ठेवा आणि कुणी बोलत नसताना ४० ते ४५ च्या आसपास आणा. फोनचं माप काटेकोर नसतं, तेव्हा कानानेही तपासा: सगळ्यांत लांबच्या खुर्चीवरच्या माणसाला नेहमीच्या आवाजात चार ओळी वाचायला सांगा. त्याने आवाज चढवला तर संगीत जास्त आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच दाखवलं होतं. टेबलावर ते साखळीसारखं पसरतं. एक चढतो, मग दुसरा, आणि तासाभरात सगळे ओरडत असतात.

आपल्याकडे यात छताचा पंखा भर घालतो. वारा, झुळझुळ पाणी, लांबची पानं असे हलके आवाज पंख्याच्या घरघरीत पार बुडून जातात. उन्हाळ्यात अशा ट्रॅकच्या नादी लागू नका, सूर असलेलं काहीतरी निवडा. दुसरी अडचण छोट्या ब्लूटूथ स्पीकरची. अंधारकोठडीसाठी म्हणून मिळणारी ती खोल गुरगुर बहुतेक १०० हर्ट्झच्या खाली असते आणि मुठीएवढ्या स्पीकरला ती झेपत नाही. हेडफोनवर भीतिदायक वाटलेला ट्रॅक टेबलावर म्हणूनच रिकामा वाटतो. ज्या स्पीकरवर वाजणार आहे, त्याच स्पीकरवर ऐकून मगच ट्रॅक निवडा.

स्पीकर टेबलावर ठेवू नका, डीएमच्या पाठीमागे तर मुळीच नको. बोलणं आणि संगीत एकाच दिशेने आलं की कानाला ते वेगळं करणं जड जातं. प्लेअरांच्या मागे, कोपऱ्यातल्या कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे आवाज आपटून मऊ होऊन येतो. इक्वलायझर (आवाजाचे पट्टे वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) असेल तर १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ३ ते ६ डेसिबलने खाली घ्या. बोलण्यातली बरीचशी व्यंजनं त्याच पट्ट्यात असतात. बासरी आणि व्हायोलिनही तिथेच घुसतात.

प्लेलिस्ट पाच पुरतात: प्रवास, वस्ती, धास्ती, लढाई, विसावा. प्रत्येकीत ६ ते ८ ट्रॅक. तीस प्लेलिस्ट करून ठेवल्या तर ऐन वेळी डीएम फोनमध्ये डोकं घालून बसतो. मोठ्या खलनायकासाठी एक ट्रॅक वेगळा काढा, तो कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीत) आधी कधीही वाजवू नका आणि खलनायकाचे हिट पॉइंट (उरलेला जीव) निम्म्यावर आले की लावा.

सगळ्यांत नाजूक प्रश्न धास्तीच्या प्लेलिस्टचा आहे. प्लेअर खोलीत शिरताच ती लावली, तर सापळा आहे हे फासा टाकायच्या आधीच कळतं. मग परसेप्शन रोलला (काही खटकतंय का, हे ठरवणाऱ्या फाशाला) अर्थ काय राहिला? यावर उपाय म्हणजे ती पूर्ण तळघरासाठी एकदाच लावायची, रिकाम्या खोल्यांतही तीच, आणि इनिशिएटिव्ह (लढाईत आधी कोण, हे ठरवणारा फासा) मागितल्यानंतरच लढाईच्या प्लेलिस्टवर जायचं. लढाई संपली की एकदम बंद करू नका. ७-८ सेकंदांत आवाज उतरवा आणि दोन मिनिटं काहीच लावू नका. प्लेअर तेव्हाच एकमेकांना विचारतात, ‘तुझे किती उरले?’

ऑनलाइन खेळत असाल तर माइकसमोर स्पीकर धरू नका. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपची नॉइज सप्रेशन (गोंगाट गाळायची सोय) संगीताला गोंगाट समजून खाऊन टाकते. केंकू एफएमसारख्या साधनातून डिस्कॉर्डवर संगीत वेगळ्या बॉटने (आपोआप चालणाऱ्या खात्याने) सोडलं की प्रत्येक प्लेअरला त्या बॉटचा आवाज स्वतःपुरता कमीजास्त करता येतो.

आपल्या वाद्यांपैकी सनई सोडून द्या, पहिल्याच फुंकीला मांडव उभा राहतो. तानपुऱ्याचं मात्र मोल आहे. जुन्या देवळाच्या किंवा मठाच्या प्रसंगाला तानपुऱ्याचं ॲप लावा, पण पहिली तार पंचमाला ठेवलीत तर मैफलीची आठवण येते. ती निषादाला लावा, पट्टी आणि लय दोन्ही उतरवा. तो सूर सुटत नाही, नुसता लटकत राहतो, आणि दार कोण उघडणार यावर प्लेअरांची कुजबुज सुरू होते.