तिजोरी आली, बसवायला माणूस येईना

यंदा गड्ड्याच्या यात्रेतली, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या लग्नसोहळ्याची, अक्षता चुकली. लग्न होऊन या घरात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, पहिल्यांदाच चुकली. घरातले सगळे अक्षता पडते त्या संमती कट्ट्याकडे गेले. सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) पोचले, ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ हा गजर कर्ण्यावरून आमच्या गल्लीपर्यंत आला, आणि मी ओसरीत एका खोक्याला टेकून बसले होते. खोक्यात नवी तिजोरी होती. पैसे भरून पंचवीस दिवस झाले होते आणि ती अजून कुठेच बसवलेली नव्हती.

तिजोरी घेतली ती मुख्यतः घड्याळांसाठी. मोठं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये आहे. (तिथेही सगळी भरपाई मिळेल असं धरू नका. आग लागली, चोरी झाली किंवा बँकेच्याच माणसाने लबाडी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते. भाडं २,००० असेल तर २ लाख.) घड्याळं मात्र सणावाराला, लग्नकार्याला लागतात. सासरे मिलमध्ये जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते, त्यांचं किल्लीचं एचएमटी जनता आहे. बाजारात त्याला फार किंमत येणार नाही, पण एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ सालीच झाला. हे गेलं तर तसं दुसरं कुठून आणायचं? शिवाय यांचं ऑटोमॅटिक, माझं टायटन, सासूबाईंची बोरमाळ आणि लेकीचे तोडे. इतके दिवस हे सगळं कपाटात साड्यांच्या घडीखाली असायचं. मागच्या गल्लीत घरफोडी झाली आणि मी ठरवलं, यात्रेच्या आत तिजोरी बसलीच पाहिजे. यात्रेत आमच्या भागातली घरंच्या घरं रिकामी असतात.

निवड करायला फार वेळ लागला नाही. एक गोष्ट तेवढी नीट समजून घेतली. आगीपासून वाचवणारी तिजोरी वेगळी आणि चोरापासून वाचवणारी वेगळी. एका पाटीवर दोन्ही लिहिलं असेल तर दोन्हीचे कागद वेगवेगळे मागायचे. आगीच्या तिजोरीच्या भिंतींत जो मसाला भरतात त्यात पाणी धरलेलं असतं. आग लागली की त्याची वाफ होऊन आतला कागद वाचतो, पण एरवी त्यामुळे आत दमटपणा राहू शकतो. घड्याळांच्या चामडी पट्ट्यांना तो चांगला नाही. म्हणून मी साधी पोलादी, आकडे दाबून उघडणारी घेतली. १७ किलो वजन, १३,८०० रुपये.

१७ किलो म्हणजे किती, हे मला तिजोरी घरी आल्यावर कळलं. पोऱ्याने ती एकट्याने खांद्यावरून आणली. म्हणजे चोरही एकट्याने नेईल. बोल्ट मारून घट्ट केली नाही तर अशी तिजोरी म्हणजे सगळा ऐवज एकत्र बांधून दिलेलं गाठोडंच. दुकानदाराने सांगितलं होतं, ‘कंपनीचा माणूस दोन दिवसांत येऊन बसवून जाईल, फिटिंगचे सहाशे बिलातच धरलेत.’ त्या वाक्यावर मी पैसे दिले.

माल घेऊन आलेला पोऱ्या म्हणाला, ‘मॅडम, ओटीपी सांगा.’ मी सांगितला. पाचव्या दिवशी कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, तुमचं फिटिंग पूर्ण झाल्याची नोंद आहे. मोबाइलमधले मेसेज काढून बघितले. दोन ओटीपी आले होते, एक माल मिळाल्याचा, एक फिटिंगचा. मी त्याला दुसरा वाचून दाखवला होता. चूक माझी होती हे मान्य आहे, पण ती दुरुस्त करायला त्यांनी नऊ दिवस घेतले! रोज नवा आवाज, रोज पहिल्यापासून सगळी कहाणी. एकदा म्हणाले सोलापूरचा माणूस गावी गेलाय, एकदा म्हणाले पुण्याहून पाठवतो. एकदा तर ‘ग्राहक घरी नव्हते’ असा मेसेज आला. त्या दिवशी मी रजा काढून सकाळपासून दारात बसले होते.

तोवर खोकं ओसरीत. त्यावर तिजोरीचं भलंमोठं चित्र. दूधवाला बघून गेला, सिलिंडरवाला बघून गेला, ‘केवढ्याला पडली वहिनी?’ असं शेजारच्यांनी विचारून झालं. शेवटी मी त्यावर चादर टाकली, पण तोपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. खोकं आलं त्याच दिवशी आतल्या खोलीत न्यायला हवं होतं, किंवा निदान चित्राची बाजू भिंतीकडे करायला हवी होती. तुम्ही तेवढं करा.

माणूस आला अक्षतेच्या तीन दिवस आधी. मला तिजोरी माजघरातल्या कोनाड्यात हवी होती. आमचा पुढचा भाग जुना आहे, काळा दगड आणि मातीचं बांधकाम, दोन फूट जाडीच्या भिंती. त्याने ड्रिल लावलं आणि भोकातून माती घळाघळा खाली आली. बोल्ट बोटाने बाहेर निघत होता. ‘मातीच्या भिंतीत आम्ही बसवत नाही,’ म्हणाला आणि सामान गोळा करून गेला. मागची खोली विटा-सिमेंटची आहे, तिथे बसवा म्हटलं, तर त्यासाठी नवी तक्रार नोंदवा म्हणे. भोक तसंच राहिलं आणि तिजोरी परत ओसरीत आली. दुकानात पैसे देण्याआधी एकानेही विचारलं नव्हतं की घर कसलं आहे. जुन्या सोलापुरात निम्मी घरं अशीच असतील.

अक्षतेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, मागच्या खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्याची जागा निवडली आणि म्हणाले, ‘अक्का, कोपऱ्यात घेऊ. बाजूला पहार घालायला जागा उरली नाही पाहिजे.’ फरशीला भोक पाडताना आधी ड्रिलचा ठोका (हॅमर) बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडलं, नाहीतर फरशी तडकते. खालच्या काँक्रीटपर्यंत पोचल्यावर मग ठोका चालू. भोकातली धूळ फुंकून साफ केली, कारण धूळ राहिली तर बोल्ट धरत नाही. दोन बोल्ट खाली, दोन मागच्या विटांत. पाऊण तास. मी दोन्ही हातांनी ओढून बघितली, यांनीही बघितली, हलली नाही. मला इतकं हलकं वाटलं की मिस्त्रींना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

आठवलं तसं आणखी सांगते. दुकानात जे माप सांगतात ते बाहेरचं असतं. आतलं माप घ्या. आमचा सहा घड्याळांचा डबा आत गेला नाही, आता घड्याळं मऊ कापडात गुंडाळून ठेवते. कारखान्यातून जो आकडा घालून येतो तो पहिल्याच दिवशी बदला, मास्टर आकडा (नेहमीचा विसरला तरी उघडणारा) असेल तर तोही. सेल संपले तर उघडायची किल्ली तिजोरीतच ठेवू नका. आमच्या नात्यात एकांनी ठेवली होती, त्यांना कुलूप फोडावं लागलं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. सेलचं घड्याळ बरेच दिवस घालणार नसाल तर सेल काढून ठेवा, तो पाझरला तर आतलं यंत्र खराब होतं. आणि किल्लीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ स्पीकरजवळ ठेवू नका, त्यातल्या लोहचुंबकाने ते पुढे पळायला लागतं.

प्रत्येक घड्याळाचा फोटो काढा, पाठीवरचा नंबर दिसेल असा. घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भारत गृह रक्षा पॉलिसीत आगीसारख्या घटनेमुळे, त्यानंतर सात दिवसांत झालेली चोरी धरतात. एरवीची घरफोडी हवी असेल तर वेगळं कवच घ्यावं लागतं.

फिटिंगचे सहाशे मी सोडले नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, बिल आणि ते सगळे मेसेज जोडले. फेब्रुवारीत पैसे परत आले.

अक्षता गेली ती गेलीच. पण यात्रेतलं शोभेचं दारूकाम बघायला मात्र दाराला कुलूप लावून आम्ही सगळे होम मैदानावर गेलो. यांच्या हातात जनता होतं, संध्याकाळीच किल्ली देऊन घातलेलं.