टाचेतला ग्रीक

तीन आठवडे टाचेच्या वर ठणकत होतं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की आईच आठवायची. शेवटी आज गेले फिजिओथेरपिस्टकडे. तिनं टाचेमागची ती जाड दोरी चिमटीत धरली आणि म्हणाली, "हे तुमचं अकिलीस टेंडन."

मी पालथी पडल्या पडल्या हसत सुटले. अकिलीस म्हणजे ग्रीक पुराणातला वीर. त्याच्या आईनं, थेटिसनं, अंगाला शस्त्र लागू नये म्हणून पोराला स्टिक्स नदीत बुचकळलं, पण धरलं होतं टाचेला. तेवढीच कोरडी राहिली, आणि बाण लागला तो तिथेच. (आपल्याकडे दुर्योधनाची मांडी राहिली तसंच. आया सगळं करतात, एक जागा सुटतेच.) गंमत म्हणजे अकिलीसची गोष्ट सांगणाऱ्या होमरच्या 'इलियड' महाकाव्यात हे बुचकळणं नाहीच. ते सापडतं पहिल्या शतकातल्या रोमन कवी स्टेशियसकडे. आणि शरीरशास्त्रात हे नाव रुजवलं फ्लेमिश वैद्य फिलिप वेरहेयेननं, १६९३ मध्ये.

फिजिओबाईंना थेटिसशी काही देणंघेणं नव्हतं. "पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची. पंधरा वेळा, तीनदा."

आत्ता जिन्यात तेच चाललंय. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "कोणाची वाट बघतेयस गं?"