सील हलेना, बार उडेना

सुरुंगाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, पण सगळी जमिनीवर. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या एका संशोधन स्थानकाच्या धक्क्यासाठी समुद्रतळाचा खडक फोडायला गेलो, तेव्हा निम्मं शिक्षण नव्याने झालं. फुटलेल्या दगडाला तिथे वरचं पाणीही ढकलावं लागतं, म्हणून भोकं जवळजवळ पाडायची आणि दारूही जास्त भरायची.

बार्जवरून पोलादी नळी तळाला टेकवायची, तिच्यातून ड्रिल घालायचं, इमल्शन स्फोटकाच्या कांड्या सोडायच्या, वर खडी ठासायची. पाणी उणे १.८ अंश, हवा त्याहून थंड; चहाला थांबलो की होजमधलं पाणी गोठायचं. चहा सोडला.

प्रत्येक भोकात दारू पेटवणारे दोन डिटोनेटर, प्रत्येकाला इशारा पोचवणारी प्लास्टिकची बारीक शॉक ट्यूब. मला ही उधळपट्टी वाटायची. मग एका दुपारी टेबलाएवढा बर्फाचा तुकडा प्रवाहाबरोबर सरकत आला आणि तरंगत्या पिवळ्या शॉक ट्यूबमध्ये अडकला. होडीतून बांबूने ढकलेपर्यंत एक ट्यूब तुटलीच. दुसरी शाबूत होती म्हणून निभावलं. जमिनीवर फुसका बार शोधणंही जिवावरचं; इथे तो गढूळ पाण्याखाली असता.

त्या दिवशी दारू भरून तयार होती. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठीच्या १९९१च्या करारामुळे, म्हणजे माद्रिद प्रोटोकॉलमुळे, इथे पर्यावरणाचा अभ्यास झाल्याशिवाय कामाला हातच लावता येत नाही, आणि आमच्या आराखड्यात लिहिलं होतं: बाराआधी तासभर एक किलोमीटरपर्यंतचं पाणी न्याहाळायचं, प्राणी दिसला तर तो गेल्यावरही वीस मिनिटं थांबायचं. पंचावन्नाव्या मिनिटाला वेडेल सीलने डोकं वर काढलं. मिशांवरून पाणी ठिबकत होतं, नाकपुड्या उघडून त्याने श्वास घेतला, आमच्याकडे पाहिलं, बुडाला. पुन्हा तिथेच वर! तीनदा घड्याळ नव्याने लावलं. निरीक्षक बाईंनी दुर्बीण खाली ठेवली नाही, आणि मी चिडलो होतो हे कबूल करतो. पण पाण्यातला दाबाचा धक्का अशा प्राण्याच्या कानांचं, फुप्फुसांचं काय करतो, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी भोंगा वाजला. आधी पायाखाली ठोका बसला, मग आवाज आला, पाणी पांढरं फुगून करडं झालं. मिलिसेकंदांच्या अंतराने सगळी भोकं उडाली होती.

नंतरचे दोन तास आम्ही जाळी घेऊन पिवळ्या ट्यूबचे तुकडे वेचत होतो. प्लास्टिक तिथे सोडायचं नसतं.